काचचित्रांतील डावे आणि उजवे

काचेच्या पाठीवर रंगवून पुढील बाजूने पाहावयाची जी चित्रे महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत, देवघरांत आणि आता वस्तुसंग्रहालयांत आढळतात, त्यांच्या कर्त्यांविषयी आपली माहिती फार तोकडी आहे. चित्रांवर बहुधा सही नसते, तिथी नसते. मग संग्रहाच्या यादीत ‘पेशवेकालीन’ असा शेरा मारून प्रश्न मिटला असे समजण्याची सवय पडून गेली आहे. हा शेरा किती सैल आहे हे दाखविणे, आणि चित्रकाराचा माग काढण्यास चित्रातच दडलेल्या एका पुराव्याकडे लक्ष वेधणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नास एक विशेष बाजू आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. तेव्हा येथील घरात एखादे काचचित्र निघाले, तर ते पुणे-साताऱ्याकडून आले की हैदराबादेकडून, हे आधी ठरवावे लागते. केवळ चित्रातील पगडी पाहून हा निर्णय करता येत नाही.

ही कला मूळची आपली नव्हे. युरोपात ती जुनी होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेझुइट धर्मोपदेशकांनी ती पेकिंगच्या दरबारात नेली व पुढे कँटन बंदरात तिचा मोठा धंदा झाला. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांस चीनमध्ये याच एका बंदरात व्यापार करण्याची मुभा होती, त्यामुळे येथील कारागिरांचे हात परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीस सरावले. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचे चीनशी दळणवळण वाढले, तशा त्यांच्या तसबिरीही कँटनच्या चित्रकारांकडून काचेवर उतरू लागल्या. सातारा, श्रीरंगपट्टण आणि कच्छ येथे चिनी काचचित्रकार प्रत्यक्ष येऊन काम करीत होते, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. त्यांच्याकडे पाहून येथील जिनगर-चितारी शिकले असावेत, हे अनुमान स्वाभाविक आहे. पण कोणते चित्र गुरूचे आणि कोणते शिष्याचे, हे त्या अनुमानाने कळत नाही.

कागदपत्रांची साथ येथे मिळत नाही. पेशवाईतील एक चित्रकार, गंगाराम तांबट, आपणास नावानिशी ठाऊक आहे. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली, त्यांतली काही आजही पाहावयास मिळतात. परंतु हे ज्ञान पुणे दरबारचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने त्याचे काम जपून ठेवले म्हणून आहे. त्याच मॅलेटच्या आश्रयाने आलेल्या जेम्स वेल्सने १७९२ साली सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे तैलचित्र केले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि त्याचा कर्ता, काळ, प्रसंग सर्व ज्ञात आहे. काचेवर काम करणाऱ्यास असा मॅलेट लाभला नाही.

आता कृतीकडे वळू. कागदावर किंवा भिंतीवर चितारी प्रथम पार्श्वभूमी भरतो, मग अंगाचा व वस्त्रांचा रंग लावतो आणि शेवटी डोळे, दागिने उघडतो. काचेवर हा क्रम साफ उलटतो. देवळाचा कळस आधी बसवून मग पायाकडे यावे, तसा हा प्रकार आहे. डोळ्यांतील बाहुली, नथीचे मोती, वस्त्राची किनार, ओठांची रेघ ही आधी, त्यांवर गालाची छटा, मग अंगाचा रंग, मग वस्त्र, आणि अखेरीस मागची जमीन. कोठे सोनेरी चमक हवी असेल तेथे काच मोकळी ठेवून पाठीमागे वर्ख किंवा बेगड लावीत. कागदावर चुकलेली रेघ वरून रंग चढवून झाकता येते; येथे वरून चढविलेला रंग पाहणाऱ्याच्या दृष्टीने खाली जातो, म्हणून चुकलेली रेघ खरवडून काढण्यावाचून उपाय नसतो.

या उलट्या क्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने दुसऱ्या उलटेपणाकडे कमी लक्ष गेले आहे. चित्रकार ज्या बाजूने रंगवितो तिच्या विरुद्ध बाजूने आपण पाहतो. तेव्हा त्याला दिसणारे डावे ते आपले उजवे होते. खाका काचेखाली ठेवून सरळ गिरविला, तर पूर्ण झालेले चित्र मूळ खाक्याच्या उलट येते. ते टाळावयाचे तर खाका आधीच पालथा करून घ्यावा लागतो. ज्याला डाव्या-उजव्याचे महत्त्व ठाऊक आहे तोच ही खटपट करील. ज्याला ठाऊक नाही तो मिळाला तसा खाका गिरवून मोकळा होईल.

आणि आपल्याकडे डावे-उजवे हा केवळ दिशेचा प्रश्न नाही. जानवे डाव्या खांद्यावर असते ते सव्य. उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य, आणि ते पितृकर्माचे. काचचित्रातील एखादा गृहस्थ प्रसन्न मुद्रेने देवपूजा करीत आहे आणि त्याचे जानवे मात्र उजव्या खांद्यावर आहे, तर त्या घरी श्राद्ध होते असे न म्हणता चिताऱ्याने खाका पालथा केला नव्हता असे म्हणावे. गणपतीची सोंड हे दुसरे उदाहरण. डाव्या सोंडेचा गणपती सर्वसामान्य, उजव्या सोंडेचा कडक सोवळ्याओवळ्याचा, ही समजूत घराघरांत आहे. सरळ गिरविलेल्या खाक्याने एकाचा दुसरा होतो, आणि देवघरात ठेवणाऱ्यावर विनाकारण कडक नेमधर्म येऊन पडतो! महाराष्ट्रीय स्त्री नथ डाव्या नाकपुडीत घालते, पदर डाव्या खांद्यावरून घेते. पदर उजव्या खांद्यावर दिसला की ती गुजराथी असे यादीत लिहिणे सोपे असते. पण नथही उजवीकडे असेल तर ती बाई मूळच्या खाक्यात महाराष्ट्रीयच असण्याचा संभव अधिक. अंगरख्याचे बंद हिंदूंनी डाव्या व मुसलमानांनी उजव्या बगलेखाली बांधावे असा मोगल काळापासूनचा संकेत होता. चित्रांतील पुरुषाचा धर्म ओळखण्यासाठी तो नेहमी वापरला जातो. काचचित्राच्या बाबतीत तो डोळे झाकून वापरला तर मराठा सरदाराचा मोगल उमराव होण्यास वेळ लागणार नाही, आणि मराठवाड्यासारख्या दोन दरबारांच्या सीमेवरील मुलखात ही चूक लहान म्हणता येणार नाही.

यावरून एक कसोटी सुचते. चित्रातील डाव्या-उजव्याच्या सर्व खुणा, म्हणजे जानवे, नथ, पदर, बंद, तलवारीचा हात, एकत्र नोंदवाव्यात. सर्वच उलट असतील तर खाका सरळ गिरविला गेला; कर्ता येथील चालीरीतींना परका किंवा निष्काळजी होता. सर्वच बरोबर असतील तर खाका पालथा करून घेतला होता. सर्वांत बोलकी चित्रे मात्र तिसऱ्या प्रकारची, ज्यांत काही खुणा सुलट व काही उलट असतात. तलवार उजव्या हातात आणली आहे, जानवे डाव्या खांद्यावर घेतले आहे, पण अंगरख्याचे बंद तसेच राहिले आहेत, असे दिसल्यास चिताऱ्याने गिरविता गिरविता आपल्या नजरेस खटकले तेवढे दुरुस्त केले, असे समजावे. कँटनच्या कारागिराला जानवे खटकण्याचे कारण नव्हते. अशी अर्धवट दुरुस्ती हीच, आमच्या मते, एतद्देशीय हाताची सही होय.

कसोटीस मर्यादा आहेत. छापील चित्रावरून नक्कल केली असेल तर मूळ छापच उलटा असू शकतो; शिळेवर रेखाटलेली आकृती कागदावर उलट उमटते, आणि तिची व्यवस्था शिळाछाप करणाराने नीट केली असेलच असे नाही. शिवाय या कसोटीने देश कळला तरी काळ कळत नाही. काळासाठी काच पाहावी. हाताने केलेली जुनी काच पातळ असून तिच्यात लाटा व बुडबुडे दिसतात. सपाट, निर्दोष यंत्रकाच विसाव्या शतकातली. जुनी काच पुन्हा वापरली जात असल्याने लाटा दिसल्या म्हणून चित्र जुने ठरत नाही. पण यंत्रकाच दिसली तर ते पेशवेकालीन नाही, हे निश्चित ठरते. दुसरा आधार मूळ चित्राचा. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली व राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली निघाला. त्यांच्या छापांवरून उतरविलेली लक्ष्मी-सरस्वती त्या वर्षांपूर्वीची असणे शक्य नाही, मग चौकट कितीही जुनी असो.

याच छापांनी काचचित्रकाराचा धंदाही बसविला. एका काचेस लागणाऱ्या दिवसांत छापखाना हजारो प्रती काढी. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मार्ग जोडला, त्यावर सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानके आली आणि मुंबईचा माल थेट या जिल्ह्याच्या बाजारात उतरू लागला. मराठवाड्यातील मुसलमान घरांत काचेवर लिहिलेली व मागे चुरगळलेली बेगड लावलेली कुराणातील वचने मात्र त्यानंतरही टिकून राहिली. तेथे डाव्या-उजव्याची चूक कर्त्यास परवडणारी नव्हती, कारण पवित्र अक्षर उलटे उमटले तर ते वाचताच येत नाही. लेखकाला ते सबंध वचन आरशातल्यासारखे लिहावे लागे. हिंदू व मुसलमान घरांतील या दोन प्रकारांचा एकत्र अभ्यास झाल्यास या भागातील कारागिरांविषयी अधिक कळेल, असे वाटते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचचित्रे एकत्र पाहता येतात. जिल्ह्यांतील घरोघरची चित्रे अद्याप विखुरलेली आहेत आणि वाडे पडत आहेत. रंग काचेत मुरत नाही, तो नुसता चिकटून असतो. पावसाळ्यातील दमट हवेने तो पोपडे धरून सुटतो. चौकट काढून पाठीवरून ओले फडके फिरविले की चेहरा फडक्यावर येतो. तेव्हा पाठ पुसू नये. चौकट मुळातच उघडी असेल तर पाठीचेही छायाचित्र घ्यावे, कारण चित्रकार काम करताना चित्र ज्या बाजूने पाहत होता, ती हीच बाजू. यादीत रंग व विषय यांच्याबरोबर जानवे, नथ, पदर, बंद आणि सोंड कोणत्या बाजूस आहे, हे पाच रकाने अवश्य असावेत.