जिथं झोपडी, तिथंच घर : येरवड्याची गोष्ट



आपल्याकडं घरकुल मंजूर झालं की पहिला प्रश्न जागेचा येतो. शहरातल्या जुन्या वस्तीत जागा असते, पण कशी? या अंगाला शेजारणीची भिंत, त्या अंगाला दिराची, आणि दारात बोळ एवढा अरुंद की वाळूची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला वाट द्यायला समोरच्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. अशा जागेत नवं घर बांधायचं कसं? पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये ते झालं. ती हकीकत आज सांगते.

सुरुवात मात्र मुंबईतून. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथावर राहणाऱ्यांबद्दल निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, हे न्यायालयानं मानलं. पण आधी सूचना देऊन पालिकेला झोपड्या हटवता येतील, असंही सांगितलं. भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या बायकांना यातलं दुसरं वाक्य जास्त नीट कळलं असणार. १९८६ च्या सुमारास त्यांनी ‘महिला मिलन’ हा गट बांधला. रोज जमेल तेवढी बचत, आणि बचतीच्या बैठकीत घराची चर्चा.

घर केवढं हवं, हे सांगायला त्यांच्याकडं नकाशा नव्हता. साडी होती. साडीची लांबी सगळ्यांना ठाऊक, म्हणून साडीनंच खोलीची लांबी-रुंदी-उंची मोजली. त्यातून निघाली १४ फूट उंचीची खोली, आत माळा. जमीन वाढवता येत नाही, तर उंची वाढवा. पोरं माळ्यावर झोपतील, खाली स्वयंपाक होईल. एका खोलीत सात माणसांचा संसार केलेल्या बाईलाच हे सुचू शकतं, असं मला वाटतं.

पुण्यातही महिला मिलनचे गट झाले. १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेनं वस्त्यांमध्ये सार्वजनिक शौचालयं बांधायचं मोठं काम संस्थांना दिलं, तेव्हा या बायकांनीही ठेके घेतले. सिमेंटचा हिशेब, गवंड्याची मजुरी, बिलाचा पाठपुरावा हे सगळं त्या तिथं शिकल्या. पुढं घरांचं काम आलं तेव्हा हीच शिदोरी कामाला आली.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना आली. त्यात शहरी गरिबांच्या घरांसाठी पैसा होता. पुष्कळ ठिकाणी या पैशातून गावाबाहेर इमारती उठल्या. येरवड्यात मदर तेरेसा नगर, नेताजी नगर, यशवंत नगर, वडार वस्ती अशा वस्त्यांमध्ये मात्र ठरलं की कुणाला हलवायचं नाही. पक्की घरं आहेत ती तशीच राहतील. कच्ची झोपडी तेवढी पाडायची आणि तिच्याच जागी घर उभं करायचं. बोळ तोच, शेजार तोच, धुण्याभांड्याची कामंही तीच, चालत जाण्याच्या अंतरावर.

घर २७० चौरस फुटांचं. आपल्या घरकुलाचे २५ चौरस मीटर म्हणजे जवळपास तेवढंच. खर्च धरला ३ लाख. त्यातला दहावा भाग, ३० हजार, कुटुंबानं भरायचा. रोज १० रुपये बाजूला टाकले तर एवढे जमायला ३,००० दिवस लागतात, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. ज्यांची बचत आधीपासून होती त्यांचं निभावलं, बाकीच्यांनी कर्ज काढलं.

खरी अडचण जागेच्या मापाची होती. १०० चौरस फुटांच्या तुकड्यावर २७० बसवायचे तर तीन मजले चढवावे लागतात. मग गुडघे धरलेल्या सासूनं वर कसं जायचं? म्हणून कुठं दोन-तीन शेजाऱ्यांनी जागा एकत्र केल्या आणि जिना सामाईक ठेवला. खालचा मजला कुणाचा, वरचा कुणाचा, हे ठरवायला नकाशा काढण्याहून जास्त बैठका लागतात, हे भावकीत वाटणी बघितलेल्या बायकांना सांगायला नको. एकीनं सही दिली नाही की दोघींचं काम अडलं.

बांधकाम सुरू असताना राहायचं कुठं? कुणी जवळच भाड्यानं, कुणी नातेवाइकांकडं. काम लांबलं की भाडं लांबलं. सिमेंट-लोखंड महाग झालं, तरी ३ लाखांचा आकडा तोच. एवढं करून ज्यांचं घर झालं, त्यांना घरात संडास मिळाला. रात्री पोरीला एकटीला सार्वजनिक शौचालयाकडं पाठवताना जीव कसा टांगणीला लागतो, ते आयांना विचारा.

योजनेचा लाभ मात्र झोपडीच्या मालकाला होता. त्याच झोपडीत भाड्यानं राहणारी बाई घर पाडलं त्या दिवशी भांडी बांधून निघाली. नवं घर झालं तेव्हा यादीत तिचं नाव नव्हतं.