दुतोंड्या मारुती आणि ढगातला सर्व्हर



आमच्या नाशकात गोदावरीला पूर आला की कुणी मीटर-फुटांत चौकशी करत नाही. "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" एवढंच विचारतात. रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी गुडघ्याला लागलं म्हणजे नदी वाढतेय. कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले सामान उचलू लागतात. छातीपर्यंत आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली मंडळी दुकानाकडे धाव घेतात. आणि डोक्यावरून गेलं की महापूर! १९६९ चा पूर आमच्या पिढीच्या लक्षात आहे, २००८, २०१६ आणि २०१९ चे तर तरुणांनीही पाहिले.

जवळच नारोशंकराचं देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधलं. तिथली अवाढव्य घंटा वसईची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या, त्यातलीच ही एक. पुराचं पाणी घंटेला लागलं की ती आपोआप वाजते आणि गाव सावध होतं, असं जुनी माणसं सांगत. खरंखोटं ती गोदामाई जाणे! पण कल्पना पाहा. कुणी पहारा द्यायला नको, दोर ओढायला नको. ओझं ठरलेल्या रेषेवर गेलं की निरोप आपला आपण निघतो.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. तो पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. "क्लाउड" म्हणजे ढग, तेव्हा याचा पावसाशी काही संबंध असेल अशी माझी समजूत करून घ्यायला हरकत नव्हती, पण त्याने नीट समजावलं. दूर कुठेतरी ठेवलेली यंत्रं भाड्याने घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये असे सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी 'क्लाउडवॉच' ही सोय २००९ मध्ये आणली. २०१६ पासून त्यांची यंत्रं मुंबईतही आहेत.

सर्व्हरवरचा भार कसा मोजतात? पोस्टात चार खिडक्या आहेत असं धरा. समोर चार माणसं असली तर सगळ्या खिडक्या कामात, पण कुणी ताटकळत नाही. आठ असली की चार जण रांगेत. सर्व्हरवरही अशीच चालू असलेली आणि रांगेत थांबलेली कामं मोजतात आणि गेल्या १, ५ व १५ मिनिटांची सरासरी काढतात. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की सांभाळणाऱ्याला आपोआप ईमेल जाते. आमच्या घंटेचंच हे नवं रूप!

आता ही मर्यादा कुठे ठेवायची? इथे पाटबंधारे खात्याचे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. दोन्ही वेगळ्या आहेत, आणि त्या दोहोंमधल्या वेळातच माणसं, गुरं, दुकानं वाचतात. घंटा धोक्याच्या पातळीवर टांगली तर ती फक्त बुडाल्याची बातमी देईल. सर्व्हर शंभर टक्के भरल्यावर आलेली ईमेल तशीच. म्हणून साधारण ऐंशी टक्क्यांवर, आणि तेही सलग काही मिनिटं भार टिकला तरच निरोप पाठवतात. एखादी लाट मारुतीच्या गुडघ्याला शिवून गेली म्हणजे पूर नव्हे. दर लाटेला घंटा वाजवली तर "लांडगा आला रे आला" मधल्या मुलासारखी गत होते, आणि खरा लांडगा येतो तेव्हा कुणी उठत नाही.

पण पातळी अचूक असूनही घात होतो, याचं दुःखद उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १२ जुलै १९६१. पानशेत. धरण धोक्यात आहे हे आदल्या दिवसापासून तिथल्या लोकांना कळलं होतं, रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. इशारा होता, पण तो धरणावरच राहिला. खाली पुण्यात बहुतेकांना वेळेवर काही कळलंच नाही. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासलाही, आणि पेठांमध्ये पाणी शिरलं. मी तेव्हा शाळकरी होतो, पण मोठ्यांच्या तोंडी महिनोन् महिने तेवढाच विषय होता. कमी पडलं ते माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचवणं.

नातवाने सांगितलेल्या तीन गोष्टी म्हणूनच मला यंत्राच्या वाटल्या नाहीत, माणसांच्या वाटल्या. पहिली: निरोप देणारी व्यवस्था त्याच सर्व्हरवर ठेवायची नाही, तो बुडाला की निरोपही बुडतो. दुसरी: ज्याच्या नावे ईमेल जाणार त्याने आधी एका दुव्यावर टिचकी मारून होकार द्यावा लागतो. तो दिला नाही तर सगळी मांडणी बिनचूक असूनही पत्र येत नाही! तिसरी: आकडे येणंच थांबलं तर क्लाउडवॉच "सारे ठीक" म्हणत नाही, "पुरेशी माहिती नाही" अशी वेगळी स्थिती दाखवतं. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे यंत्राला कळतं. आपल्याला कळायला वेळ लागतो.

मास्तर असल्यामुळे शेवटी निकालावर येतोच. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल होता. करोनामुळे परीक्षा रद्द झालेली, मूल्यमापन शाळांनीच केलेलं, विद्यार्थी पंधरा लाखांहून अधिक. दुपारी एकची वेळ जाहीर होती. एक वाजला आणि संकेतस्थळं कोलमडली. मुलं तासन् तास पडद्याकडे बघत बसली. ईमेलचे इशारे तिथे होते की नव्हते हा प्रश्नच गौण आहे. अवकाळी पुराला इशारा लागतो. ज्या पुराची तारीख आणि वेळ आपणच छापली, त्याच्यासाठी आधीच जास्तीचे सर्व्हर उभे करायला हवेत. क्लाउडमध्ये ते काही मिनिटांत वाढवता येतात, धरण मात्र एका दिवसात बांधता येत नाही.

मला मारुतीचं एक वैशिष्ट्य मोठं वाटतं. तो कुणा एकाला पत्र पाठवत नाही. अख्ख्या गावाला दिसतो, आणि पाणी कमरेला आलं की काय करायचं हे टपरीवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं. इशाऱ्याची निम्मी किंमत रेषेत असते आणि निम्मी, तो पाहून उठणाऱ्या माणसात.

तुमच्या गावात अशी एखादी पायरी, दगड किंवा देऊळ आहे का, की जिथे पाणी टेकलं की गाव हलायचं? मुलांना ती जागा दाखवून ठेवा. आणि मलाही जरूर कळवा.