निनावी आहेर

‘आहेर देणाऱ्याला एकदाच छळतो, घेणाऱ्याला जन्मभर.’ हे वाक्य कुणा थोर पुरुषाचं नाही, आमच्या आईचं आहे. आईजवळ आहेराची एक वही होती. डाव्या पानावर कुणी काय दिलं ते, आणि उजव्या पानावर आपण त्याची फेड कधी नि कशानं केली ते. नागपूरच्या मावशीनं १९६१ साली दिलेल्या सहा वाट्या १९६८ साली सहा वाट्यांनीच फिटल्या होत्या. आणि मला दाट संशय आहे, की त्या त्याच वाट्या होत्या.

१९७४ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. सहा लेमन सेट आले, चार भिंतीवरची घड्याळं आली (चौघांचं किती वाजले यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही), आणि एक खोकं आलं. खोक्यावर नाव नव्हतं. आत जाड बुडाची एक तांबडी छोटी कढई, खाली एक तिकाटणं, त्याखाली दिव्यासारखं काहीतरी, आणि लांब दांड्यांचे, दोन दोन दातांचे सहा काटे. कुणी दिलं ते कळेना आणि कशासाठी दिलं तेही कळेना. घरात समिती बसली. वडील म्हणाले, “दाढीचं पाणी तापवायला असावं.” काका पोस्टात होते. ते म्हणाले, “छे, लाख वितळवायचं आहे.” काट्यांच्या बाबतीत मात्र दोघेही गप्प. अखेर आईनंच निकाल दिला. कढईत तूप कढवायचं, दिव्यात कापूर लावायचा आणि काट्यांनी रताळी शिजली का ते बघायचं. मग तिनं वही काढली आणि डाव्या पानावर लिहिलं : ‘नाव नाही. वस्तू कळत नाही.’ उजवं पान कोरं राहिलं. त्या कोऱ्या पानानं आईची झोप उडवली.

पुढे मला विज्ञानकथा वाचण्याचा नाद लागला, आणि लक्षात आलं, की काळजी करणारी आमची आई एकटी नाही. अख्ख्या मानवजातीच्या दारात कुणीतरी असलंच निनावी खोकं आणून ठेवतो, आणि मग मानवजात आमच्या घरातल्यासारखीच समिती बसवते, अशा गोष्टींची चांगली लांबलचक वंशावळच आहे.

तसं आकाशातून भांडं येणं आपल्याला नवीन नाही. वनवासात सूर्यानं युधिष्ठिराला अक्षय थाळी दिली, तीही अटीवर : द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती थाळी रिकामी. म्हणजे आपल्या पूर्वजांना आहेरातली अट वाचायची सवय होती. पाश्चात्त्य लेखकांना ती उशिरा लागली. एच. जी. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये (१८९८) मंगळावरचे पाहुणे काही द्यायला नाही, सरळ लुटायला येतात. आणि वेल्सनं पहिल्याच प्रकरणात आठवण करून दिली आहे, की युरोपियनांनी टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते बघा, मग मंगळवाल्यांना नावं ठेवा.

पाहुणे आहेर घेऊन येऊ लागले ते प्रामुख्यानं दुसऱ्या महायुद्धानंतर. कारण उघड आहे. १९४५ साली माणसाच्या हाती अणुबॉम्ब लागला, आणि आगपेटी हाती लागलेल्या पोराच्या घरात वडीलधारं कुणी नसावं तशी सगळ्यांची अवस्था झाली. मग लेखकांनी ते वडीलधारं माणूस आकाशातून मागवलं. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटात क्लाटू नावाचा सभ्य पाहुणा तबकडीतून वॉशिंग्टनमध्ये उतरतो. शांततेनं आलो आहे म्हणतो आणि अंगरख्यातून एक वस्तू बाहेर काढतो. बिचारा आहेराचं पाकीट काढत होता, पण एका घाबरट शिपायाला ते हत्यार वाटलं आणि त्यानं गोळी झाडली. वस्तूचे तुकडे झाले. मग पाहुणा सांगतो, की ही तुमच्या अध्यक्षांसाठी आणलेली भेट होती. हिच्यातून त्यांना दुसऱ्या ग्रहांवरचं जीवन अभ्यासता आलं असतं. आता बोला! लग्नात मी पुष्कळ मानापमान पाहिले आहेत, पण आहेर देणाऱ्यावर गोळी झाडलेली पाहिली नाही.

शिपायाची बाजू घेणारी गोष्ट त्याच्या आदल्याच वर्षी, १९५० साली, डेमन नाइट यांनी लिहून ठेवली होती. डुकरासारख्या तोंडाचे कानामित पृथ्वीवर येतात. फुकट वीज देतात, पोटभर अन्न देतात, युद्धं बंद करतात, आणि बदल्यात काही म्हणून मागत नाहीत. त्यांच्याजवळ एक पुस्तक असतं. मोठ्या खटपटीनं त्याचं नुसतं नाव उलगडतं, आणि त्यावरून हे लोक माणसाची सेवा करायला आले आहेत अशी सगळ्यांची खात्री पटते. पुढची पानं उलगडतात तेव्हा कळतं, की ते पाककृतींचं पुस्तक आहे. इंग्रजीत ही सगळी करामत ‘सर्व्ह’ या एका क्रियापदावर आहे. आपल्याकडे सेवा आणि सेवन यांत एका ‘न’चाच फरक आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. आमच्या आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बघ. म्हणून नाव विचारून घ्यावं.”

तुम्ही म्हणाल, एवढा संशय बरा नव्हे. पण आपण पोळलेली माणसं आहोत. १६१६ साली सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारात आला तेव्हा त्यानं आणलेल्या भेटींत इंग्लंडची एक घोडागाडी होती. बादशहाला ती आवडली. तसलीच आणखी एक त्यानं आपल्या कारागिरांकडून करवून घेतली. पाहुण्याला फक्त व्यापाराची सोय हवी होती. पुढचं आपण शाळेत सनावळीसकट पाठ केलं आहे.

आर्थर सी. क्लार्क यांचे ‘चाइल्डहूड्‌स एंड’मधले (१९५३) पाहुणे असे खोटे नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त बेचैन करतात. शहराशहरांवर त्यांची अवाढव्य यानं येऊन थांबतात. युद्ध संपतं, दारिद्र्य संपतं. पाहुणे मात्र पन्नास वर्षं तोंड दाखवत नाहीत. आणि दाखवतात तेव्हा त्यांना शिंगं, पंख आणि शेपटी असते. साक्षात सैतानाचं चित्र, पण वागायला अत्यंत सज्जन! गोम वेगळीच आहे. सगळं आयतं मिळाल्यावर माणसाची धडपड मंदावते आणि त्याच्या कलेतली नि संशोधनातली धग विझत जाते. शेवटी माणसाची मुलं माणसांची राहत नाहीत. एका विराट मनात विरून जातात. आपण मागितलं काय आणि मोजलं काय!

१९६१ साली केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. इथे पाहुणे येतच नाहीत, रेडिओवरून संदेश येतो. त्यात एक संगणक कसा बांधायचा याची कृती असते. म्हणजे शिवणयंत्राऐवजी त्याचं माहितीपुस्तक आहेरात द्यायचं आणि यंत्र तुम्हीच करा म्हणायचं! यात शास्त्रज्ञाची काटकसर आहे. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. तिथून खोकं पाठवण्यापेक्षा पत्र पाठवणं फार स्वस्त. पण माणसं तो संगणक बांधतात, आणि तो त्यांच्याकडून एक जिवंत मुलगी घडवून घेतो. मग प्रश्न पडतो, आपण यंत्र वापरतो आहोत की यंत्र आपल्याला?

याच हॉइलसाहेबांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. १९७४ साली, म्हणजे माझ्या लग्नाच्याच वर्षी, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे नारळीकरच, आद्याक्षरं उलटी करून बसलेले. मराठी विज्ञानकथेला मिळालेला हाही एक निनावी आहेरच म्हणायचा. पुढे त्यांचा कथासंग्रह निघाला, त्याचं नावच ‘यक्षांची देणगी’. नाव कसं नेमकं निवडलंय बघा. महाभारतातला तळ्यावरचा यक्ष पाणी देतो, पण आधी प्रश्न विचारतो. आणि उत्तर न देता पाणी पिणारे चार पांडव आडवे होतात.

या साऱ्या संशयकल्लोळात एकच आहेर मला निखळ वाटला. सत्यजित राय यांनी १९६२ साली ‘संदेश’ मासिकात लिहिलेल्या गोष्टीतले बंकूबाबू हे खेड्यातले गरीब शिक्षक. वकिलाच्या बैठकीत सगळे त्यांची टिंगल करतात, हे मुकाट सोसतात. बांबूच्या बनात त्यांना परग्रहावरचा पाहुणा भेटतो. तो एका नळीतून त्यांना उत्तर ध्रुव दाखवतो, आणि इतकं गरीब राहू नये म्हणून चार शब्द सांगतो. बस्स. दुसऱ्या दिवशी बंकूबाबू बैठकीत जाऊन सगळ्यांना खडसावतात आणि तिथून कायमचे बाहेर पडतात. आणलं काही नाही, पण माणूस ताठ उभा करून गेला.

आणि आमच्या खोक्याची गोष्ट लिहिली ती रशियातल्या अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांनी, १९७२ साली, ‘रोडसाइड पिकनिक’मध्ये. पाहुणे पृथ्वीवर आले, थोडं थांबले, गेले. आपल्याशी बोललेसुद्धा नाहीत. मागे राहिल्या अजब वस्तू. त्या आहेर आहेत की उष्टा कचरा, तेही कळत नाही. खंडाळ्याच्या घाटात मोटार थांबवून मंडळी जेवावीत, नि ती गेल्यावर मुंग्यांनी त्यांच्या मागे राहिलेल्या टॉर्चबद्दल परिसंवाद भरवावा, तसं. त्यातल्या काही वस्तूंवर माणसं मोटारी चालवतात. पण मुळात त्या कशासाठी होत्या याचा पत्ता नाही. मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेलो. आई काट्यानं रताळं टोचून बघत होती.

कोडं उलगडलं ते २००९ साली. आमची थोरली झुरिकला असते. एका संध्याकाळी ती आम्हां दोघांना जेवायला बाहेर घेऊन गेली, आणि वाढप्यानं टेबलावर आणून ठेवली ती आमची कढई! तेच तिकाटणं, तोच दिवा, तेच काटे. आमची ही जवळजवळ ओरडलीच, “अहो, आपली तुपाची!” ते फाँड्यू निघालं. कढईत चीज वितळवायचं, काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, बुडवायचा नि खायचा. पस्तीस वर्षांनी वस्तू कळली. हिनं एक घास खाल्ला, थोडा विचार केला नि म्हणाली, “तूपच बरं होतं.”

सांगायला आई नव्हती. ती १९९८ सालीच गेली. अखेरच्या आजारातही तिनं मला विचारलं होतं, “त्या खोक्याचं कळलं का रे कुणाचं ते?” मी नाही म्हटलं. घरी परतल्यावर मी माळ्यावरून तिची वही काढली, निदान डाव्या पानावर वस्तूचं नाव तरी लिहावं म्हणून. पान उघडलं आणि बघतो तर उजवं पान कोरं नव्हतं. बारीक अक्षरात ओळीखाली ओळ होती. ‘१९७८. समोरच्या वाड्यातल्या शिंपिणीची मुलगी. पातेली दोन. नाव घातलं नाही.’ ‘१९८५. बोहारणीची नात. लुगडं. नाव घातलं नाही.’ अशा अकरा नोंदी. शेवटची १९९६ ची, आणि खाली दोन शब्द : ‘फिटलं असावं.’

एवढ्या विज्ञानकथा वाचल्या, पण हा उपाय मला कुठे सापडला नव्हता. देणारा सापडत नसेल, तर पुढच्याला द्यावं.

तसा एक आहेर आपणही आकाशात पाठवला आहे. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दुसरं यान सुटलं आणि दहा-बारा दिवसांत केसरबाई गेल्या. भैरवी मात्र चालली आहे. एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जायलाही तिला सुमारे ४०,००० वर्षं लागतील. तबकडी कशी वाजवायची त्याची आकृती आपण वर कोरली आहे, सुईसुद्धा सोबत दिली आहे. शिवाय चौदा पल्सारांच्या खुणा सांगून पृथ्वीचा पत्ताही घातला आहे, पिंपळाच्या पारावरून डावीकडे वळा म्हणावं तसा. फेडीची अपेक्षा नाही म्हणायचं आणि पत्ता मात्र न विसरता घालायचा, हा आपला खास पृथ्वीवरचा स्वभाव. आईला हे आवडलं नसतं.

पण ठीक आहे. तिकडच्या कुणा आईला आकृती कळली नाही आणि तिनं त्या तबकडीवर पापड वाळत घातले, तरी माझी तक्रार नाही. फक्त तिनं वहीत लिहून ठेवावं : ‘वस्तू कळत नाही.’ आणि उजवं पान कोरं सोडावं.