सर्पगंधा : नावांची साक्ष आणि लागवडीचा प्रश्न

सर्पगंधा हे कण्हेर, करवंद व सदाफुली यांच्याच कुळातील एक लहानखुरे झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, पूर्व व पश्चिम घाटांतील दमट रानांत, तसेच श्रीलंका, ब्रह्मदेश व जावा येथे ते आढळते. उंची बहुधा एक ते दोन फूट, क्वचित तीन. पेऱ्यापेऱ्यावर तीन किंवा चार पानांचे वलय. तांबड्या देठांच्या झुबक्यांत पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली फुले. आणि पिकल्यावर जांभळट काळी होणारी वाटाण्याएवढी फळे, ही त्याची ओळख. औषधी महत्त्व मात्र यांपैकी कशालाही नसून ते मुख्यतः जमिनीखालच्या मुळाला आहे. या एका गोष्टीतून सर्पगंधेच्या इतिहासातील बहुतेक प्रश्न उद्भवतात. पान वा फूल खुडले तरी झाड राहते. मूळ खणून काढले की झाड संपते.

सर्पगंधेचा इतिहास सामान्यतः औषधाच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात वैद्य येतात, रसायनज्ञ येतात, रुग्णालये येतात. परंतु ज्या झुडपावाचून हे सर्व अशक्य होते, ते कोणी लावले, कोठे लावले आणि केव्हा लावले हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लेखी पुरावा जेथे मौन धरतो तेथे नावांची साक्ष काढणे उपयुक्त ठरते. अर्थात ही साक्ष सावधपणे तपासावी लागते. कारण एक नाव अनेक वस्तूंना आणि एक वस्तू अनेक नावांना वाट्यास येते.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत विषचिकित्सेच्या संदर्भात 'सर्पगंधा' व 'नाकुली' ही नावे आढळतात. ही नावे आजच्याच वनस्पतीची होत असे निःशंकपणे म्हणता येत नाही. 'नाकुली' हा शब्द 'नकुल' म्हणजे मुंगूस यावरून साधला आहे, आणि सापाशी झुंजणाऱ्या मुंगसाशी ज्या ज्या मुळीचा संबंध लोकांनी जोडला, त्या त्या मुळीला तो लागू पडण्यासारखा आहे. अठराव्या शतकात लिनीअसने 'ओफिओऱ्हायझा मुंगोस' असे नाव दिलेली वनस्पती सर्पगंधेहून अगदी निराळी. पण तिच्याही नावात मुंगूस आहेच. मराठीत सर्पगंधेस 'अडकई' व 'हरकी' यांच्या जोडीने 'मुंगूसवेल' असेही म्हणतात. वस्तुतः ही वेल नव्हे. तेव्हा हे नाव झुडपाचा आकार पाहून पडलेले नसून मुंगसाच्या कथेतून आलेले आहे, हे उघड आहे.

ही कथा किती जुनी व किती दूरवर पसरलेली होती याचा एक कालनिश्चित पुरावा गोव्यात मिळतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १५६३ मध्ये त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात श्रीलंकेतील 'सापाच्या लाकडा'चे वर्णन असून, नागाशी लढण्यापूर्वी मुंगूस या मुळीचा आश्रय घेते ही हकीकतही आहे. ओर्ताने सांगितलेल्या प्रकारांपैकी एक सर्पगंधा असावा असे आधुनिक अभ्यासक मानतात. संस्कृतातील 'नाकुली', मराठीतील 'मुंगूसवेल' आणि ओर्ताची हकीकत या तिन्हींमागे एकच लोकसमजूत उभी आहे.

पुढे लिनीअसने १७५३ मध्ये या झुडपास 'ओफिओक्सिलॉन सर्पेंटिनम' असे नाव दिले. यातील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'सर्पकाष्ठ' असा होतो. पोर्तुगीज नावाचाच हा ग्रीक अवतार होय. नंतर ही जाती 'राउवोल्फिया' या प्रजातीत समाविष्ट करण्यात आली. लिओनहार्ट राउवोल्फ हा आउग्सबुर्गचा वैद्य. त्याने १५७३ ते १५७६ या काळात सीरिया, इराक इत्यादी प्रदेशांत वनस्पतींच्या शोधार्थ प्रवास केला. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. त्याच्या गौरवार्थ फ्रेंच वनस्पतिज्ञ प्ल्युमिये याने १७०३ मध्ये अमेरिकेतील वनस्पतींच्या एका प्रजातीला हे नाव दिले, आणि कालांतराने ते हिंदी झुडपालाही लागले. ज्याने हे झुडूप पाहिले नाही त्याचे नाव त्याला मिळाले, आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले त्यांची समजूत 'सर्पेंटिना' या विशेषणात शिल्लक राहिली.

लोकव्यवहारातील नावांचा दुसरा गट रोगाशी निगडित आहे. बिहारात या मुळीस 'वेड्यांचे औषध' अशा अर्थाचे नाव आहे, आणि तेथे तान्ह्या मुलांना झोपविण्यासाठीही ती देत असत. बंगालीत 'चंद्र' आणि हिंदीत 'छोटा चाँद' ही नावे प्रचलित आहेत. उन्मादास चंद्राशी जोडणारा शब्द युरोपीय भाषांत असल्यामुळे या नावांचेही तसेच स्पष्टीकरण देण्याचा मोह होतो. आपल्या परंपरेतही चंद्र व मन यांचा संबंध सांगितला आहे, हे खरे. तथापि केवळ तेवढ्यावरून या नावाची उपपत्ती सिद्ध होत नाही. कल्पनेतील साम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

या सर्व नावांत एका गोष्टीचा अभाव लक्षणीय आहे. ज्यांचा अर्थ उघड आहे अशी नावे साप, मुंगूस, चंद्र किंवा वेड यांचा निर्देश करतात. शेत, वाफा, परस किंवा कुंपण यांचा निर्देश करणारे नाव त्यांत आढळत नाही. मराठीत 'रानहळद', 'रानतुळस', 'रानकेळ' अशी नावे आहेत. त्यांतील 'रान' हे पूर्वपद लागवडीतील जोडीदार गृहीत धरते. घरची हळद नसती तर रानहळद हा शब्द संभवला नसता. सर्पगंधेला असे पूर्वपद लागलेले नाही, कारण रानाबाहेरची सर्पगंधा लोकांना ठाऊकच नव्हती. निव्वळ अभावाच्या पुराव्यावर फार मोठी इमारत उभारू नये हे खरे. परंतु येथे नावांची साक्ष आणि पुढील घटनाक्रम परस्परांस पुष्टी देतात.

तो घटनाक्रम १९३१ पासून वेग घेतो. त्या वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबवृद्धी यांवरील औषध म्हणून या मुळीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसैन सिद्दीकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. राउवोल्फच्या नावाच्या मानाने हा गौरव अधिक यथार्थ म्हणावा लागेल. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष या औषधाकडे खऱ्या अर्थाने वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील 'सीबा' कंपनीच्या संशोधकांनी 'रेसर्पीन' हे अल्कलॉइड वेगळे केले. या नव्या शब्दाच्या मध्यभागीही 'सर्प' आहेच. लवकरच मनोरुग्णालयांतही त्याचा उपयोग सुरू झाला, आणि १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण सिद्ध केले.

येथपर्यंतची हकीकत बहुतेक ग्रंथांत सापडते. पण या यशाचा भार कोणावर पडला? वाळलेल्या मुळात एकंदर अल्कलॉइडे शेकडा दोन-तीनच्या घरात असतात. त्यांत एकट्या रेसर्पिनाचा वाटा हजारात एक भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. थोड्या औषधासाठी पुष्कळ मुळे आणि प्रत्येक मुळामागे एक झाड, असा हा हिशेब आहे. संश्लेषण साधले तरी वनस्पतीचा आधार सुटला नाही. मागणी अकस्मात वाढली तेव्हा ती भागविण्यास शेत नव्हते. होते ते रान. मुळी खणणाऱ्यांची उपजीविका त्यावर होती, आणि फळे पिकून बी पडेपर्यंत थांबण्याइतकी सवड त्यांना नव्हती. पुढे रेसर्पिनाच्या व्यापारात आफ्रिकेतील 'राउवोल्फिया व्होमिटोरिया' या मोठ्या जातीस महत्त्व आले. रेसर्पिनामुळे काही रोग्यांत खिन्नता येते असे दिसून आल्याने व नवी औषधे निघाल्याने त्याचा वापरही कमी झाला. तरीही हिंदी सर्पगंधेवरील ताण हटला नाही. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या झुडपाचा समावेश करावा लागला.

लागवडीचे ज्ञान या ओघात मागाहून आले, आणि ते सहजसाध्य नव्हते. सर्पगंधेच्या बियांचे कवच कठीण असते. बी जुने झाले की उगवण झपाट्याने घटते, आणि ताजे बीही सारखे उगवत नाही. म्हणून बी एक दिवस पाण्यात भिजवून तरंगणारे टाकून द्यावयाचे व बुडालेले तेवढे घ्यावयाचे, अशी रीत पडली. एप्रिल-मे मध्ये सावलीतील वाफ्यात पेरणी केली जाते. अंकुर कित्येक आठवडे मागेपुढे येत राहतात. पावसाळा स्थिरावला की चार-सहा पानांची रोपे शेतात लावतात. जमीन भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याने समृद्ध व पाण्याचा निचरा होणारी असावी लागते. थोडी सावली या झुडपास मानवते, कारण ते मूळचे रानातल्या मोठ्या वृक्षांखालचे. फांद्यांच्या व मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात, पण बियांपासून वाढलेल्या रोपांचे मुळांचे उत्पन्न सरस ठरते. मुळे पोसावीत म्हणून फुले खुडून टाकण्याचाही सल्ला देतात. मात्र बियाण्यासाठी काही झाडे अस्पर्श राखावी लागतात. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात 'आर. एस. १' हा वाण निवडण्यात आला, तो लागवडीच्या या प्रयत्नांपैकीच एक.

काढणी निदान अठरा महिन्यांनी, शक्यतो हिवाळ्यात पाने गळल्यावर करतात. त्या वेळी मुळातील अल्कलॉइडांचे प्रमाण चांगले असते. मुळे धुताना साल खरवडली जाणार नाही याची फार काळजी घ्यावी लागते, कारण बहुतांश अल्कलॉइडे सालीतच असतात. यातील प्रत्येक क्रिया धीराची आहे. रानातली मुळी कुदळीच्या दोन घावांत हाती येते. वाफ्यातली मुळी दीड-दोन वर्षे राखण मागते. रानातून खणलेल्या मालाच्या भावाशी लागवडीच्या मालाला स्पर्धा करावी लागते, आणि या स्पर्धेत धीराची किंमत सहसा धरली जात नाही.

सर्पगंधेच्या इतिहासात ज्ञानाची उणीव नव्हती. गुण लोकांस ठाऊक होता, वैद्यांस ठाऊक होता, आणि विसाव्या शतकात तो प्रयोगशाळेनेही मान्य केला. उणीव होती ती वाफ्याची. नावांनी साप, मुंगूस व चंद्र यांची नोंद केली, कारण लोकांचा या झुडपाशी आलेला संबंध शोधण्याचा व उपयोगाचा होता, वाढविण्याचा नव्हता. एखाद्या औषधी वनस्पतीचा इतिहास केवळ उपयोगाच्या बाजूने लिहिला तर तो अपुरा राहतो. जिचे मूळ हेच औषध आहे, तिच्या बाबतीत तर तो दिशाभूल करणारा ठरतो. सर्पगंधेची कीर्ती आधी पसरली आणि लागवड मागाहून आली. या दोहोंमधील काळाचे मोल रानाने चुकते केले. लागवडीतील सर्पगंधा जेव्हा लोकव्यवहारात सर्रास होईल, तेव्हा कदाचित मराठीत 'रानसर्पगंधा' हा शब्दही रूढ होईल. रानहळदीप्रमाणे त्या शब्दालाही घरचा जोडीदार लाभलेला असेल.