हेलसिंकीचा एक दशांश सेकंद

१९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक म्हटले की आपल्या घरांतून पहिले नाव निघते ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे. २३ जुलै रोजी त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ जुलैला, त्याच नगरीत पुरुषांची चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यत झाली. तिची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती आम्ही येथे मांडू इच्छितो.

जमैका हे बेट तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होते. त्याला स्वातंत्र्य मिळाले ते १९६२ साली. ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रवेश झाला तो १९४८ च्या लंडनला. तेथे चारशे मीटरमध्ये आर्थर विंटने सुवर्ण आणि हर्ब मॅकेन्लीने रौप्यपदक जिंकले. साहजिकच रिलेकडून मोठी आशा होती. परंतु तिसऱ्या फेरीत विंटचा स्नायू दुखावला आणि तो मैदानावरच कोसळला. शेवटच्या फेरीसाठी सज्ज उभ्या असलेल्या मॅकेन्लीच्या हाती बॅटन आलेच नाही. सुवर्णपदक अमेरिकेला गेले.

चार वर्षांनी तेच चौघे पुन्हा उतरले : विंट, लेस्ली लेंग, मॅकेन्ली आणि जॉर्ज रोडन. विंट आता बत्तीस वर्षांचा होता. आठशे मीटरमध्ये अमेरिकेच्या माल व्हिटफील्डने त्याला लंडनप्रमाणेच येथेही मागे टाकले होते. मॅकेन्लीचे दैव तर विलक्षणच. शंभर मीटर आणि चारशे मीटर या दोन्ही शर्यतींत त्याची वेळ विजेत्याइतकीच नोंदली गेली, आणि दोन्ही वेळा त्याच्या पदरी रौप्यच पडले. चारशे मीटरचा विजेता होता त्याचाच सहकारी रोडन.

अंतिम शर्यतीचा हिशेब फेरीवार पाहण्याजोगा आहे. पहिल्या फेरीस विंटला ४६.८ सेकंद लागले, अमेरिकेच्या मॅटसनला ४६.७. दुसऱ्या फेरीत लेंगने ४७.० घेतले, तर कोलने ४५.५. म्हणजे अर्ध्या शर्यतीअखेर जमैका १.६ सेकंदांनी मागे. या शर्यतीत ही तूट सुमारे चौदा मीटरांची होते आणि ती सहसा भरून निघत नाही. त्यातून समोर होता चार्ली मूर, चारशे मीटर अडथळ्यांचा नवा विजेता. मूर ४६.३ सेकंदांत धावला, मॅकेन्ली ४४.६ सेकंदांत! सारी तूट फिटली आणि वर एक दशांश सेकंद शिल्लक राहिला. अखेरच्या फेरीत रोडन आणि व्हिटफील्ड दोघेही ४५.५. जमैका ३ मिनिटे ०३.९ सेकंद, अमेरिका ३ मिनिटे ०४.० सेकंद. १९३२ पासून टिकलेला ३ मिनिटे ०८.२ सेकंदांचा विश्वविक्रम दोघांनीही मोडला. तिसऱ्या आलेल्या जर्मनीनेही मोडला.

या विजयाचे श्रेय सर्वत्र मॅकेन्लीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. त्याच्या आयुष्यातील हे एकमेव ऑलिंपिक सुवर्णपदक. पण आम्हांस वाटते, वरचे आकडे आणखीही काही सांगतात. व्हिटफील्डसारखा धावपटू पाठीशी असताना रोडनने एक दशांशही मिळविला नाही, पण एकही गमावला नाही. लंडनला कोसळलेल्या विंटने या वेळी आपली फेरी अवघ्या एका दशांशाच्या तुटीत पुरी केली. सर्वांत मंद धावलेल्या लेंगची तूट दीड सेकंदाची होती. चौघांपैकी कोणी आणखी दोन दशांश गमावले असते, तर मॅकेन्लीच्या त्या फेरीची गणना पराभूतांच्या पराक्रमात झाली असती.

यानंतर २०२४ पर्यंत जमैकाच्या पुरुषांना या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्ण पुन्हा मिळालेले नाही. इतिहास एका पराक्रमी माणसाभोवती लिहिण्याचा मोह आपल्यालाही होतो. त्या वेळी ज्यांनी केवळ आपल्या वाट्याचे ओझे सांभाळून पुढच्याच्या हाती दिले, त्यांचीही नोंद ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे.