दोन दात, एक तह

२०१४च्या हिवाळ्यात क्रो या मूलनिवासी जमातीतले काही जण अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या आपल्या राखीव मुलखात एल्कच्या कळपामागे निघाले. कळप डोंगर चढत वायोमिंगच्या हद्दीत, बिगहॉर्न राष्ट्रीय वनात शिरला. मागोमाग शिकारीही शिरले, काही नर टिपले आणि मांस घेऊन घरी परतले. वायोमिंगने त्यातल्या एकावर, हेरेरावर, हंगामाबाहेर शिकार केल्याचा खटला भरला. दंड, स्थगित कैद आणि तीन वर्षांची शिकारबंदी अशी शिक्षा झाली. त्याच डोंगरांत दर शरद ऋतूत गोरी कुटुंबे बापलेक, मेहुणे, शेजारी असा गोतावळा जमवून तंबू ठोकतात, एल्क मारतात, आणि त्याला वाडवडिलांची परंपरा म्हणतात. माणसे तशीच, जनावर तेच, हेतूही तोच: घरात वर्षाचे मांस. एकाला परंपरा आणि दुसऱ्याला चोरटी शिकार ठरवणारी रेघ डोंगराने आखलेली नाही. ती १८९०च्या दशकातल्या कायद्यांनी आणि निकालांनी आखली, आणि ज्या परंपरेचा आज गौरव होतो ती बऱ्याच अंशी त्या रेघेनंतरची आहे.

आधी जनावराविषयी. युरोपात एल्क म्हणजे आपण ज्याला मूस म्हणतो तो. अमेरिकेत आलेल्या इंग्रजांनी ते नाव एका वेगळ्याच मोठ्या हरणाला चिकटवले. शॉनी लोकांचे त्याला नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा, आणि ते जास्त नेमके आहे. हा काश्मीरच्या हंगूलचा जवळचा नातेवाईक, पण नराचे वजन तीनशे किलोच्या घरात. एवढे धूड डोंगरावरून एकट्याने उतरवता येत नाही. सोलायचे, चार फाडी करायच्या, पाठीवर किंवा घोड्यावर लादून आणायच्या, तर सोबत माणसे लागतातच. एल्कची शिकार गोतावळ्याची झाली ती हौसेने नव्हे, वजनामुळे. हे जितके आजच्या मोंटानातल्या कुटुंबाला लागू, तितकेच दोनशे वर्षांपूर्वीच्या क्रो कुटुंबाला.

क्रोंच्या बाबतीत याचा पुरावा कापडावर जडवलेला सापडतो. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोनच सुळे असतात. क्रो स्त्रियांच्या सणावाराच्या झग्यांवर असे शेकडो दात शिवलेले असत. एका जनावराचे दोन, म्हणजे तीनशे दातांचा झगा हा दीडशे एल्कचा हिशेब झाला. एकटा नवरा एवढे कुठून आणणार? त्यात भाऊबंद आणि सोयरे यांचा वाटा असे. पुढे एल्क दुर्मीळ झाले तेव्हा हाडाचे कोरीव दात लावण्याची पाळी आली. १८६८ साली न्यूयॉर्कमध्ये एल्कचे नाव घेऊन एक बंधुमंडळ स्थापन झाले. त्याच्या सभासदांना घड्याळाच्या साखळीला एल्कचा दात अडकवायची आवड लागली, आणि दातांना असा भाव आला की वायोमिंगच्या जॅक्सन होल खोऱ्यात नुसते दोन सुळे उपटून बाकीचे जनावर बर्फात टाकून दिले जाऊ लागले. तोच दात एका जागी घराण्याचा मान होता, दुसऱ्या जागी साखळीचे लोलक.

याच १८६८ साली दोन तह झाले. मे महिन्यात फोर्ट लारामीला क्रोंनी तीन कोटी एकरांहून अधिक मुलूख सोडला. जुलैमध्ये फोर्ट ब्रिजरला शोशोनी आणि बॅनॉक जमातींनी सही केली. दोन्हींत जवळपास सारखीच अट होती: संयुक्त संस्थानांच्या वस्ती नसलेल्या जमिनीवर, शिकार मिळते आणि शांतता टिकते तोवर, या लोकांना शिकारीचा हक्क राहील. हा हक्क म्हणजे खैरात नव्हती. मुलखाच्या किमतीतला तो एक भाग होता.

१८९० साली वायोमिंग राज्य झाले आणि त्याने शिकारीचे हंगाम ठरवले. जॅक्सन होलमधल्या वसाहतवाल्यांचा तोवर नवा धंदा बसला होता: पूर्वेकडच्या श्रीमंत हौशी शिकाऱ्यांना वाट दाखवणे. बॅनॉक कुटुंबे दर वर्षी उन्हाळ्यात मांसासाठी तिथे येत, ती या धंद्याच्या आड येऊ लागली. जुलै १८९५मध्ये वसाहतवाल्यांच्या टोळीने बायकामुलांसह निघालेल्या एका बॅनॉक जथ्याला पकडले. निसटण्याच्या गडबडीत गोळ्या सुटल्या आणि एक म्हातारा मेला. मग सात एल्क मारल्याबद्दल रेस हॉर्स नावाच्या बॅनॉकावर कसोटीचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मे १८९६मध्ये तो निकाल फिरवला आणि सांगितले की राज्य अस्तित्वात येताच तहातला हक्क आपोआप संपला. तहावर सही करणाऱ्यांना हे कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: हे कायदे झाले नसते तर एल्क उरलाच नसता. गोरे लोक येण्यापूर्वी खंडात एक कोटीच्या आसपास एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लाखाच्याही खाली गेले होते, आणि आज दहा लाखांच्या जवळ आहेत. कायद्याचे हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणत्या कलमाने एल्क वाचवला ते पाहावे. संहार केला तो कातड्याच्या, दातांच्या आणि मांसाच्या बाजाराने, आणि हिवाळी कुरणे कुंपणात गेल्यामुळे. १९००च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार रोखला, राज्यांनी वन्य मांसाची विक्री बंद केली, १९१२ साली जॅक्सन होलमध्ये उपाशी कळपांसाठी राखीव कुरण झाले. यांतले काहीही बॅनॉक कुटुंबाच्या मांसावर बंदी न घालता करता आले असते. उलट विक्री बंद झाल्यामुळेच एल्क ही घरी खायची, पाहुण्यांना वाढायची वस्तू झाली. गोऱ्या शेतकऱ्याची आजची सहकुटुंब पारध त्या कायद्याच्या आडोशाला वाढली, परवाना आणि पाच आठवड्यांच्या हंगामासह. ती खोटी आहे असे नाही. फक्त ती समजली जाते तितकी जुनी नाही.

दुसरा आक्षेप समतेचा: कायदा सर्वांना सारखा हवा, रक्तावरून सवलत का? पण तह दोन सत्तांमधला व्यवहार असतो. तीन कोटी एकर घेणाऱ्याने ते ठेवून घ्यावेत आणि मोबदल्याचे कलम मात्र कालबाह्य म्हणावे, ही समता कोणत्याच बाजारात चालणार नाही. आपल्याकडे याचे उत्तर अजून निराळे निघाले. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. २००६च्या वनहक्क कायद्याने वनवासींना मध, बांबू, कुरण परत दिले, पण परंपरागत शिकारीचा हक्क शब्दांत सांगून वगळला. भारताची लोकसंख्या आणि जंगलाची अवस्था पाहता ते मला समजते. मात्र इथे शिकार साऱ्यांनाच बंद आहे. वायोमिंगमध्ये ती बंद नव्हती, फक्त तिचे वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात होते.

हेरेराचा खटला २० मे २०१९ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाली निघाला. राज्य झाल्याने हक्क संपत नाही, आणि राष्ट्रीय वन घोषित केल्याने ती जमीन आपोआप वस्तीची ठरत नाही, असे बहुमताने म्हटले. जनावरांच्या रक्षणासाठी बंधन आवश्यक आहे हे सिद्ध करण्याची आणि ती नेमकी जागा वस्तीची होती असा दावा करण्याची वाट मात्र राज्याला मोकळी ठेवली. रेस हॉर्सच्या निकालाचा आधार अशा रीतीने १२३ वर्षांनी मोडीत निघाला.