पेठेतला रस्ता कोणाचा?

वाणसामान, शाळा, दवाखाना, भाजीबाजार सारे पायी वा सायकलने गाठता येईल अशी वस्ती उत्तम, असे नगररचनाकार आज सांगतात आणि पुण्याच्या जुन्या पेठांचा दाखला देतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या पेठांतून कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर चालता येत होते, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. तो आपण विचारला पाहिजे.

पेशवाईतील एक निर्बंध गो. स. घुर्ये यांनी १९३२ सालच्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात नोंदविला आहे. दुपारी तीननंतर व सकाळी नऊपूर्वी महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता. कारण काय, तर त्या वेळी सावली लांब पडते आणि तिचा विटाळ होतो! कमरेच्या झाडूचा आणि गळ्यातल्या मडक्याचा उल्लेख बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) केलाच आहे. दिवसभर राबणाऱ्याने मीठमिरची आणायची ती संध्याकाळी. नेमकी तीच वेळ बंद. बाजार हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या माणसांना तो कोसभर दूर होता.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या महार-मांगाचे मस्तक कसे मारले जाई, हे तिने त्यात सांगितले. रस्त्यावरून जाणे हाच गुन्हा होता. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा कुठे पाणी खऱ्या अर्थाने जवळ आले.

हा केवळ पुण्याचा प्रश्न नव्हता. त्रावणकोरातील वैकम येथे मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढ्यासाठी १९२४-२५ साली सत्याग्रह करावा लागला. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही नामनिर्देश झाला. रस्त्यासाठी घटनेत शब्द खर्ची घालावे लागले, यातच या देशाचा इतिहास आला.

आणि तो संपलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. सार्वजनिक ठिकाणी दलित-आदिवासींना सायकल वा मोटारसायकल चालविण्यास, पायात चप्पल घालण्यास अटकाव करणे हा तीनुसार गुन्हा ठरला. सायकलवर बसला म्हणून माणसाला खाली उतरविले जात नसते, तर असे कलम लिहिण्याची गरज पडली असती काय?

म्हणून पदपथ रुंद करा, झाडे लावा, सायकलींसाठी वेगळी वाट आखा; आमचा त्याला विरोध नाही. पहाटे झाडू घेऊन पायी निघणारा सफाई कामगार आणि चार घरची धुणीभांडी करायला चालत जाणारी बाई यांना या सोयींची सर्वांत अधिक गरज आहे. परंतु नकाशा आखताना ती वाट झोपडपट्टीच्या तोंडापर्यंत येते की अलीकडच्या चौकातच संपते, हे तपासले पाहिजे. ती चौकात संपत असेल, तर वेस अजून उभी आहे असेच म्हणावे लागेल.